हाकेला दिलेली ओ

१

शहाऐंशी सालच्या भाऊबीजेला, मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर एका बाईनं बेल वाजवली. हातात ताट, ताटात निरांजन, सुपारी, चार करंज्या, वर क्रोशाचा रुमाल. दार उघडलं राधा खिल्लारे हिनं. राधा म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायची, नवरा कुंडलिक टेलिफोन खात्यात. मूळचे परभणीकडचे. घाटकोपरची भाड्याची खोली कायमची सोडून, कर्ज काढून त्यांनी ही जागा घेतली होती आणि अजून घराला नव्या रंगाचा वास येत होता.

बाईनं राधाकडं पाहिलं, दारावरच्या पाटीकडं पाहिलं आणि पेडणेकर कुठं गेले म्हणून विचारलं. राधानं सांगितलं, त्यांनी जागा विकली, आम्ही घेतली. बाई म्हणाली, विकली कशी? जागा आईची, आई गेली, मागे आम्ही दोघं भावंडं. माझ्या सहीशिवाय तो एकटा कसा विकेल?

"तुम्ही कोण?" राधानं विचारलं.

"चंद्रप्रकाशची बहीण. रत्नप्रभा कांबळी."

 घराच्या कागदांत एक संमतीपत्र होतं आणि त्यात बहीण म्हणून हेच नाव, खाली नुसती 'रत्नप्रभा' अशी सही होती. तुमची सही तर आहे, असं ती बोलून गेली, आणि ती बाई उंबऱ्यातच मटकन बसली. राधानं तिला पाणी दिलं. पाणी पिऊन ती उठली आणि जिना उतरून गेली. ताट तिथंच राहिलं.

आता मी कोण ते सांगते. मी नंदा, वकील. ऑफिस पार्ल्यात. लग्न केलं नाही, आणि जिभेला हाड नाही अशी माझी ख्याती आहे, ती खरी आहे. घरासाठी कर्ज देणारी एक कंपनी होती, तिच्या वकिलांच्या पॅनेलवर माझं नाव होतं. पॅनेल म्हणजे काय, तर कंपनीनं मान्य केलेल्या वकिलांची यादी. तुम्ही घर घ्यायला निघालात की जागेचे कागद ह्यांच्यातलाच एकजण तपासणार. तुमचा स्वतःचा वकील कितीही शहाणा असो, कंपनी त्याला विचारत नाही. गंमत अशी की फी तुम्ही भरायची आणि वकील मात्र कंपनीचा. हे दहातल्या नऊजणांना कळत नाही. त्यांना वाटतं, कंपनीचा वकील बघतोय म्हणजे आपलंच काम बघतोय.

कुंडलिकलाही तसंच वाटलं होतं. त्याचा एक मित्र भीमराज, तो वकील. त्याला घ्यायचं कुंडलिकच्या मनात होतं. कंपनीतला माणूस म्हणाला, कशाला दोन-दोन फिया भरताय, आमचे नाबरसाहेब आहेत ना. कुंडलिकनं भीमराजला नको सांगितलं.

भाऊबीजेनंतर रत्नप्रभाबाईंनी सोसायटीत चौकशी करून कंपनीला कळवलं की सही माझी नाही. कंपनीनं लगेच कुंडलिकला कळवलं की महिन्याभरात हा घोळ निस्तरा, नाहीतर कर्ज सगळंच्या सगळं परत करा. आणि खरं काय ते शोधायला प्रकरण माझ्या टेबलावर आणून आदळलं. कुंडलिक मला भेटायला आला तेव्हा खुर्चीवर टेकलासुद्धा नाही. म्हणाला, "वकील कंपनीचा, चूक वकिलाची, आणि घर माझं जाणार? हा कुठला न्याय, बाई?"

मी त्याला बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. जागा बघायला ते दोनदा गेले होते. पेडणेकर जरा गुर्मीतला माणूस, पण बायको चांगली, दोन्ही वेळा गरम पोहे दिले. बहिणीला कधी पाहिलं का? नाही. ती सही करायला आली तेव्हा तुम्ही होतात? नाही, आम्हाला कुणी बोलावलंच नाही.

तो गेल्यावर मी नाबरांना फोन लावला. श्यामसुंदर नाबर म्हणजे माझे सीनियर, वकिली मी त्यांच्याकडं शिकले. मी आडून आडून विचारत होते, त्यांनी मला मधेच तोडलं.

"नंदा, ती बाई माझ्यासमोर बसून सही करून गेली. तिला मी स्वतः पारखलं. आता ती खोटं बोलतेय."

२

दुसऱ्या दिवशी मी नाबरांकडं गेले. सांताक्रूझला त्यांचं जुनं ऑफिस, तोच बाक, तोच कुरकुरणारा पंखा. नाबर माणूस बाकी सरळ. पैसे खाऊन खोटी सही चालवून घेतील असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही. पण वैऱ्यानं न म्हटलेलंही तपासायचं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं.

त्यांनी माझ्यासाठी चहा ओतला आणि निम्मा बशीबाहेर गेला. मी टेबल पुसून घेतलं. संमतीपत्र पुढं ठेवलं तर म्हणाले, तूच वाच मोठ्यानं, मी ऐकतो. मी वाचलं. मग त्यांनी सांगितलं की पेडणेकर बहिणीला घेऊन स्वतः आला होता. बाईच्या डोक्यावरून पदर, बोलणं जेमतेम. त्यांनी तिला आईचं नाव विचारलं, सुगंधा म्हणाली. गाव विचारलं, बापाची गिरणी विचारली, जागा कधी घेतली, स्वयंपाकघराची खिडकी कुठल्या बाजूला, सगळं बरोबर.

"पढवलेली असेल," मी म्हटलं.

"मलाही तीच शंका आली. म्हणून मी एक केलं." नाबरांचा चेहरा खुलला. "तिला बाहेर बाकावर बसवलं. आत आलो. इथून एकदम मोठ्यानं हाक मारली, रत्नप्रभाऽ. बाई नाही, काही नाही, नुसतं नाव. ताडकन ओ आली बघ. पढवलेल्या बाईला उत्तरं पाठ करता येतात, नंदा. ओ पाठ करता येत नाही."

 नाव दुसऱ्याचं असलं की माणूस हाकेला क्षणभर तरी अडखळतो. मी उठताना विचारलं, ती बाई पुन्हा समोर आली तर ओळखाल? त्यांनी खिडकीकडं तोंड फिरवलं आणि म्हणाले, इतक्या लोकांचे चेहरे कुणाच्या लक्षात राहतात.

जिना उतरताना मला वाईट वाटत होतं. नाबरांचं म्हणणं खरं असेल, तर रत्नप्रभा कांबळी भाऊबीजेचं ताट हातात घेऊन नाटक करायला आली होती.

३

कांबळी राहायला बोरिवलीला. नवरा दशरथ एका औषधकंपनीत, बोलायला तोफ. मी बूट काढायच्या आत त्यानं मेव्हण्याचा उद्धार सुरू केला. त्याला आता मी कोर्टात खेचतो, हिचा हिस्सा मी व्याजासकट वसूल करतो. मला मनातून वाटलं, घ्या, मिळालं कारण. हिनं सही केली असणार, आणि आता हा तिला नाही म्हणायला लावतोय.

बाई मात्र बाजूला बसून होती. तिला मी सरळच विचारलं की सही केलीत का. ती म्हणाली, नाही. नाबरांच्या ऑफिसात कधी गेलात? नाही. भावाशी बोलणं केव्हापासून नाही? आईच्या तेराव्यापासून. आईच्या आजारपणात तू हयगय केलीस, असं ती चारचौघांत बोलून गेली होती, आणि त्यानं तिला ताटावरून उठ म्हटलं होतं. ती उठली, आली, परत गेली नाही. भाऊबीजेला मात्र राहवलं नाही.

"मीच पहिली गेले. म्हटलं, आपण मोठ्या आहोत."

तेवढ्यात आतल्या खोलीतून म्हाताऱ्या सासूनं "रत्नप्रभा गो" अशी हाक मारली. बाई लगेच "आले हां" म्हणत उठली, तिला औषध देऊन परत आली. हाकेत आणि उठण्यात जराही अंतर नव्हतं. नाबरांची परीक्षा ही बाई डोळे मिटून पास झाली असती, हे मी मनात नोंदवलं आणि मला ते आवडलं नाही.

मी निघताना तिनं मला जिन्यापर्यंत सोडलं. तिथं नवरा नव्हता. म्हणाली, "वकीलबाई, त्यानं सही मागितली असती ना, तर मी दिली असती. सगळ्या बहिणी देतातच. एकदा बोलावून जेवायला वाढायचं होतं, बस."

मी पायऱ्या उतरायला लागले. माणसं ओळखण्यात मी क्वचित चुकते. ही बाई खोटं बोलत नव्हती, आणि नाबरही बोलत नव्हते. दोघंही खरे असतील तर मग बाकावरून ओ दिली कुणी?

४

चंद्रप्रकाश पेडणेकर अंधेरी पूर्वेला मरोळच्या बाजूला भाड्यानं राहत होता. जागेचे पैसे एका गॅरेजच्या भागीदारीत घातलेले आणि ते गॅरेज काही नीट चालत नव्हतं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. तरी रुबाब होता. म्हणाला, बहीण आली, सही केली, तुमच्याच वकिलानं तपासली, आता तिच्या नवऱ्याच्या पोटात दुखतंय. "कंपनीचा वकील पास करतो म्हणजे संपलं ना? मग मला काय विचारता?"

बहिणीला एकदा भेटून का नाही विचारलं, म्हणाले मी. तर उसळला. तिनं चारचौघांत माझी लाज काढली, तिच्या दारात मी जाऊ?

"म्हणजे तुम्ही तिच्या दारात गेला नाहीत. मग ती नाबरांकडं आली कशी?"

तो म्हणाला, निरोप धाडला होता. कुणाबरोबर ते त्याला आठवेना.

त्याची बायको प्रेमा इतका वेळ दारात उभी होती. सडपातळ, शांत बाई. कुंडलिक म्हणाला होता ते बरोबर, बघताच चांगली वाटणारी. तिनं मला पाणी आणून दिलं, चहा घेणार का विचारलं, आणि नवऱ्याचा आवाज चढला तशी आत निघून गेली. पाण्याचा तांब्या स्टीलचा, घासून लखलखीत. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, लग्नात देतात तसं. मी उगीच फिरवून वाचलं.

चि. सौ. कां. रत्नप्रभा हिस मामाकडून.

माझं डोकंच फिरलं. बहिणीचं घर विकलं ते विकलं, तिच्या लग्नातलं भांडंसुद्धा ह्या माणसानं ठेवून घेतलं होतं, आणि वर पाहुण्यांना त्यातून पाणी देत होता. मी ते पाणी प्यायले नाही. उठले आणि निघाले.

५

बोरिवलीच्या शेजाऱ्यांकडं फोन होता, त्यावर मी रत्नप्रभाबाईंना बोलावून घेतलं. म्हटलं, घर राहू दे, निदान तुमची भांडी तरी मी त्याच्याकडून आणून देते. तुमच्या मामानं दिलेला तांब्या त्याच्याकडं आहे.

पलीकडं ती गोंधळली. "मामा? मला मामा नाहीच, वकीलबाई. आई एकुलती एक. आणि माझ्या भांड्यांवर शेवंती आहे."

"शेवंती कोण?"

"मीच ना. माहेरची शेवंती. रत्नप्रभा सासऱ्यांनी ठेवलं."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. माझं लग्न झालं नाही, जन्मापासून मी नंदा ती नंदाच. म्हणून जे कुठल्याही लग्न झालेल्या बाईला तांब्या बघताच कळलं असतं, ते मला कळलं नव्हतं. मुलीचं लग्न लागतं, तांदळात नवं नाव लिहितात, आणि उद्यापासून ती वेगळीच कुणीतरी. पण चि. सौ. कां. लिहितात ते नवरीला, लग्नाआधी. आणि मामा देतो ते भाचीच्या माहेरच्या नावानं. म्हणजे रत्नप्रभा नावाची एक नवरी त्या घरात आली होती, आणि ती नवरी शेवंती नव्हती.

मग मला ती ओ आठवली. नाबरांच्या बाकावरची. बोरिवलीत सासूनं हाक मारली तेव्हा बाई "आले हां" म्हणाली होती. सासरचं नाव आहे ते, त्याला सून असंच उत्तर देते. ओ द्यायची ती माहेरी. लहानपणी, खेळता खेळता, आईनं हाक मारली की. रत्नप्रभा ह्या नावाला जी बाई ताडकन ओ देते, तिचं ते माहेरचं नाव असायला हवं.

आता मला खात्री होती. पण खात्रीवर कुंडलिकचं घर वाचत नाही. मी सगळ्यांना रविवारी मुलुंडला त्या घरातच बोलावलं. चंद्रप्रकाशला सांगितलं की आला नाहीस तर पोलीस येतील, आणि बायकोलाही आण. नाबरांना आणायला मी स्वतः टॅक्सी घेऊन गेले. जिना चढताना त्यांनी माझा दंड धरला. 

६

बैठकीच्या खोलीत आम्ही मावत नव्हतो. नाबर खुर्चीवर, चंद्रप्रकाश खिडकीशी, रत्नप्रभाबाई त्याच्याकडं पाठ करून. दशरथला मी मुद्दाम आणू दिलं नव्हतं. कुंडलिक दाराशी उभा, आपल्याच घरात पाहुण्यासारखा.

राधा चहा टाकायला गेली. प्रेमा तिच्यामागं गेली. कुणी जा म्हटलं नाही, कुणी थांब म्हटलं नाही. इतकी वर्षं ते तिचंच स्वयंपाकघर होतं. राधानं मला मागाहून सांगितलं की प्रेमाचा हात आपोआप साखरेच्या डब्याला गेला, जिथं तिचा डबा असायचा त्या फळीवर, आणि तिथं राधाच्या मुलीची वह्या-पुस्तकं होती.

मी नाबरांच्या कानाशी वाकले. म्हटलं, सर, त्या दिवशी मारली होती तशी हाक मारा. तेच नाव, तोच आवाज. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. घसा साफ केला.

"रत्नप्रभाऽ!"

माझ्यासमोर बसलेल्या रत्नप्रभाबाईंनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. आणि आतून, कपबशांच्या आवाजातून, एखाद्या मुलीनं द्यावी तशी मोकळी ओ आली.

"ओऽ!"

 नाबरांनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "हीच," ते म्हणाले. "हीच ओ होती."

प्रेमा दारात येऊन उभी राहिली. हातात बशी तशीच. काय झालं ते तिला आमच्या तोंडांवरून समजलं. चंद्रप्रकाश म्हणाला, ती आपली सवयीनं, घरात कुणी हाक मारली की, आणि मग त्यालाच ते पुढं नेता येईना. मी म्हटलं, सवय खरीच, पण कुणाची? तुमच्या बायकोचं माहेरचं नाव काय होतं, पेडणेकर? आणि तांब्याची गोष्ट सगळ्यांना सांगितली.

रत्नप्रभाबाईंना आता सगळं आठवत होतं. भावाचं लग्न तिच्यानंतर झालं. मुलीचं नाव रत्नप्रभा आहे कळल्यावर आई म्हणाली होती, हे नाव आमच्या लेकीचं झालंय, सुनेला दुसरं ठेवू. आणि प्रेमा ठेवलं. नवऱ्यानं हेच हेरलं होतं. बायकोला त्या घरातलं सगळं ठाऊक, आईचं नाव, गिरणी, खिडकी. आणि हाक कुणी कितीही अचानक मारली तरी ती अडखळणार नाही.

प्रेमा नवऱ्याकडं बघत नव्हती. नणंदेकडं बघत होती. बोलायला लागली ती मालवणीत, बहुतेक तिला तेच सुचलं.

"ता नाव माझाच आसा, ताई. माझ्या बापाशीन ठेवलेला. मी दुसऱ्याची सही नाय केलंय."

मग मराठीत म्हणाली की नवऱ्यानं सांगितलं, नुसतं बस आणि सही कर. तिला नको होतं. पण त्या म्हाताऱ्या वकिलांनी आतून हाक मारली, आणि लग्न झाल्यापासून त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. वडील गेले, मामा गेला. "मला भरूनच आलं. ओ देऊन झाल्यावर कळलं की मी फसवतेय."

तिच्यावर रागवायचं मी ठरवून आले होते. जमलं नाही.

कुंडलिक एकाएकी बोलला. "ह्या बाईंनी मला दोनदा पोहे वाढलेत. त्या दिवशी मला नुसतं बाकावर बसवलं असतंत, नाबरसाहेब, तर मी बघताक्षणी सांगितलं असतं, ही बहीण नव्हे, ही बायको."

"खरं आहे," नाबर म्हणाले. "घेणाऱ्याला बोलवायची पद्धत नाही आमच्यात. अशील कंपनी. कागद कंपनीसाठी. तुमचा भीमराज असता तर तुम्हाला शेजारी घेऊन बसला असता." त्यांनी डोळे चोळले. "आणि मला दिसत नाही हो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कंपनीला कळलं तर यादीतून नाव काढतील म्हणून ऑपरेशनसुद्धा लांबवलं. डोळ्यांचं काम कानांवर भागवत होतो."

चहा सांडला त्या दिवशी मला कळलंच होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकायला मात्र नको होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आपण होऊन पॅनेल सोडलं.

७

गुन्हेगार सापडला म्हणजे आमच्या धंद्यात काम संपत नाही. सही खोटी ठरली, म्हणजे रत्नप्रभाबाईंचा हक्क शाबूत, आणि म्हणजेच कुंडलिकचं घर अर्धं लटकलेलं. तिला फौजदारी करता येत होती, जागेत वाटा मागता येत होता. मी तिची वकील नव्हते, तरी हे सगळं तिला सांगितलं. खिल्लाऱ्यांचा वकील कुणी नव्हता म्हणून त्यांची काय गत झाली, ते मी बघत होते.

चंद्रप्रकाश खिडकीशी उभाच होता. म्हणाला, "तू दिली नसतीस सही. मला माहीत होतं."

"तू विचारलंस कुठं?" ती म्हणाली. इतका वेळ त्याच्याकडं पाठ होती, तशीच ठेवून.

ह्यावर तो एकदम म्हातारा दिसायला लागला.

राधा आत गेली आणि भाऊबीजेचं ताट घेऊन आली. घासलेलं. रुमाल धुऊन घडी घातलेला. सुपारीचं काय करायचं तिला कळलं नव्हतं, म्हणून तीही तशीच ठेवली होती. करंज्या मात्र मुलीनं खाल्ल्या, म्हणाली, आणि ओशाळी झाली. तिनं घराविषयी अवाक्षर काढलं नाही, हातही जोडले नाहीत. रत्नप्रभाबाईंनी ताट हातात घेतलं.

"त्या दिवशी तुम्ही मला पाणी दिलंत," ती राधाला म्हणाली. मग माझ्याकडं वळली. "कागद करा. मी सही करते. ह्यांच्यासाठी करते, त्याच्यासाठी नाही."

पोलिसांत जाणार नाही, वहिनीला तर मुळीच ओढणार नाही, हेही तिनं सांगितलं. तिचा हिस्सा चंद्रप्रकाशनं हप्त्यांनी द्यायचा असं मी कागदात घातलंच. ती नको नको म्हणत होती, मी ऐकलं नाही. दशरथला तोंड द्यायचं होतं तिला. आणि कागद करताना ह्या खेपेला मी कुंडलिकला शेजारी बसवलं, भीमराजलाही बोलावलं. कंपनीचा साहेब म्हणाला, ह्याची काय गरज. मी म्हटलं, तुम्हाला नसेल.

सही माझ्या ऑफिसात झाली. तिनं रत्नप्रभा दशरथ कांबळी असं सावकाश लिहिलं. मग पेन हातात ठेवून विचारलं, माहेरचं नाव लिहायचं असतं का? मी म्हटलं, घातलंय वर, पूर्वाश्रमीची शेवंती.

"असू दे," ती म्हणाली. "आई गेली. आता कागदावर तरी राहील."

चंद्रप्रकाशची सही आधीच झाली होती, तो खाली रस्त्यावर थांबला होता. प्रेमा त्याच्यापासून चार पावलं लांब उभी होती. रत्नप्रभाबाई निघाली तशी मी गॅलरीत आले. ती फाटकातून बाहेर पडली, त्यांच्यावरून पुढं गेली, तेव्हा प्रेमानं तिच्या हाताला नुसता हात लावला. तो तिनं झटकला नाही. मग स्टेशनच्या दिशेनं चालायला लागली.

ती कोपऱ्यापर्यंत पोचली. मग चंद्रप्रकाशनं हाक मारली. भर रस्त्यात, मोठ्यानं, लहानपणी मारत असेल तशी.

"शेवंतेऽ!"

ती थांबली. पाऊल उचललेलं तसंच राहिलं. मला वाटलं आता वळेल, आणि खोटं कशाला सांगू, मी मनातून तिनं वळावं म्हणून वाट बघत होते. त्यानं परत हाक मारली.

तिनं पदर नीट केला आणि कोपऱ्यावरून वळून गेली. ओ दिली नाही.